धवल्यासाठी अ‍ॅम्प

अंबरनाथ (पूर्व)
८ नोव्हेंबर २०२५

ती. मोतीआत्यास,
जिज्ञासाचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण बोललो की अर्ध्या गावाला बातमी कळते आणि तुला मात्र काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. अल्पेशदादा रोज इथे कामाला येतोच, त्याच्या डब्याच्या पिशवीतून पाठवते आहे. कालवणाचा डाग पडला तर तुझ्या लेकाला बोल, मला नको.

रिद्धीने मला सांगितलं की तिच्या हळदीला तू धवले गाणार नाहीस, बाहेरून दुसरी धवलारीण बोलावणार आहेस. आत्या, सगळ्या गावाच्या पोरींची लग्नं तू गाऊन लावलीस आणि पोटच्या पोरीच्या मांडवात गप्प बसणार? ती रडली नाही, पण हळदीचा विषय निघाला की उठून जाते.

माझ्या मनात आहे की मी गिटार घेऊन तुझ्या साथीला बसावं. आमचा बँड लोकगीतांची वाट लावतो असं तुझं मत आहे, ठाऊक आहे मला. तुझ्यापुढे तू सांगशील तसंच वाजवीन. रविवारी सगळं सामान घेऊन येते: दोन गिटारी, तीन पेडल आणि उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये दुरुस्त करून घेतलेला अ‍ॅम्प. नाही म्हणायचं असेल तर समोर बसून म्हण.

काकांना नमस्कार. तू माझ्यावरचा राग रविवारी जेवणाआधी संपवून ठेवावास, ही विनंती.
तुझी भाची,
जिज्ञासा


बदलापूर गाव
१७ नोव्हेंबर

चि. जिज्ञासा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तू आलीस, घर भरल्यासारखं वाटलं. तुझ्या त्या लाल पेडलवर पाय पडला की घर्र होतं, तेवढं मलाही ऐकू आलं. मी अल्पेशला बटण बंद करायला लावलं, कारण मला वाटलं तुझी ती अ‍ॅम्पची पेटी पुन्हा बिघडली. तो बिघाड तू हौसेने विकत आणला आहेस हे कळल्यापासून तुझे काका हसत आहेत.

पण बाई, वाद्याला पाय लावतेस हे मला खपलं नाही. आपल्याकडे ढोलकीला चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतो. काकांनी आज कॅम्प पाचमधून फळ्या आणून कंबरेएवढं टेबल ठोकलं आहे. पेडल त्यावर मांडली आहेत. यापुढे हाताने दाब.

गाण्याचं विचारलंस, तर तुला म्हणून सांगते. गेल्या वैशाखात एका मांडवात माझ्यामागच्या बायका सूर चढवून पुढच्या ओळीवर गेल्या आणि मी एकटीच मागची ओळ म्हणत राहिले. पोरी हसल्या. ते हसणं मला ऐकू आलं नाही, दिसलं. तेव्हापासून मला भीती वाटते. रिद्धीच्या सासरच्यांसमोर असं झालं तर तिला मान खाली घालावी लागेल. म्हणून मी नाही म्हटलं, हट्टाने नाही.

सामान पुढच्या रविवारपर्यंत इथेच राहू दे. आपली तब्येत सांभाळून असावे.
तुझी आत्या,
मोतीबाई


अंबरनाथ
१९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. आता मी आग्रह धरणार नाही. तुला वाटलं तरच गा. रविवारी मी येईन, वाजवीन, तू नुसती बसून राहा.

काकांना सांग, टेबल फार सुरेख झालं असणार. पण गिटारवर माझे दोन्ही हात अडकलेले असतात. टेबलावरची पेडल काय कपाळाने दाबू? आणि अ‍ॅम्पवर पापड वाळत घालू नकोस. तू घालशील म्हणून आधीच सांगते.

माया आहे ती कमी करू नकोस.
जिज्ञासा


बदलापूर गाव
२४ नोव्हेंबर

चि. जिज्ञासा हिस,
अनेक आशीर्वाद.

पापड घातले नाहीत. कुरडया घातल्या होत्या, त्या काढल्या.

काल तू वाजवत होतीस तेव्हा माझी कंबर दुखत होती, म्हणून मी तुझ्या पेटीला पाठ टेकून बसले. तू जाड तार छेडलीस आणि ती मला पाठीत कळली. तू सूर बदललास, तेही कळलं. तुझ्यासमोर बोलले नाही, म्हटलं मनाचे खेळ असतील.

तू गेल्यावर अल्पेशला गिटार धरायला बसवलं. त्याला वाजवता येत नाही, पण तार छेडायला कोणीही चालतं. मी डोळे मिटून टेकून बसले आणि सूर वर गेला की वर, खाली आला की खाली, असं सांगत गेले. काका शेजारी उभे राहून तपासत होते. सगळं बरोबर आलं. शेवटी तेच डोळे पुसत चहा ठेवायला गेले.

तर मी गाते. पेटी माझ्या पाटामागे ठेव आणि जाड तारेचा सूर सोडू नकोस. पायाचं मात्र चालणार नाही. टेबलाशी काका बसतील. तू मान हलवलीस की ते दाबतील.

काळजी नसावी. मी करते आहे तेवढी पुरे.
मोतीबाई


अंबरनाथ
२ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अजून माझ्या नखांतली हळद गेली नाही.

काकांचा काही दोष नाही. माझे शिवराममामा मांडवात आले, मी मान हलवून नमस्कार केला आणि काकांनी इमानाने लाल पेडल दाबलं. सगळा मांडव दचकला. तुझ्यामागच्या बायका हसल्या, ओळ विसरल्या, गप्प झाल्या. मी फक्त जाड तारेचा सूर धरून राहिले.

आणि तू थांबली नाहीस. तीच ओळ तू पुन्हा म्हटलीस, शांतपणे, बायका सुरात येईपर्यंत. एकेक बाई परत आली. या वेळी चुकल्या होत्या त्या, आणि आणलंस तू. रिद्धी हळद लावून घ्यायची थांबून तुझ्याकडे बघत होती. तिच्या गालावरून हळद ओघळली तरी तिने हात लावला नाही. आत्या, मी पुष्कळ ठिकाणी वाजवलं आहे, पण त्या रात्रीइतकी सुखी कधीच नव्हते.

अल्पेशदादाने गिटारी आणि पेडल आणून दिली, अ‍ॅम्प नाही. शनिवारी आमचा कार्यक्रम आहे. पाठवायची कृपा व्हावी.

तुझ्या मागे बसायला कायम तयार,
जिज्ञासा


बदलापूर गाव
४ डिसेंबर

चि. जिज्ञासा हिस,
अनेक आशीर्वाद.

रिद्धी सासरी रुळते आहे. घर रिकामं वाटतं, पण रडायला मला वेळ नाही.

काल शिवरामभाऊ आले होते. त्यांच्या लेकीचं, राजसीचं लग्न माघात आहे. हळदीला मीच गावं म्हणून त्यांनी सुपारी पुढे केली. वैशाखापासून मी कुणाची सुपारी घेतली नव्हती. कालची घेतली, तुला न विचारता. तुझंही नाव सांगून टाकलं. शिवरामभाऊंनी एकच विनंती केली, मांडवात तू त्यांना नमस्कार करू नकोस.

पेटी शनिवारी अल्पेश टेम्पोने आणून देईल. वाजव, नाव काढ. रविवारी सकाळी एका गिटारीसकट परत पाठव, तार अल्पेश छेडेल. मला माघापर्यंत रोज रियाज करायचा आहे.

लोभ आहेच. वाढवायचा असेल तर पेटी वेळेवर यावी.
तुझी आत्या,
मोतीबाई धवलारीण