मॉर्व्हेनच्या लग्नातला माझा कोट

ग्लेन अर्वी,
१९ सप्टेंबर

तीर्थरूप इशबेलताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार (वाकूनच केला आहे, पण गुडघ्यापर्यंत, त्याच्या खाली वाकणं डॉक्टरांनी बंद केलं आहे). तुझ्या खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जिवात जीव आला. दाजींचा खोकला थांबला का? तुमच्या न्यूझीलंडात आता मेंढ्या व्यायला लागल्या असतील. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे, पाऊस, चिलटं आणि लॉर्ना. (बाईने मला सोडून चौदा वर्षं झाली, पण गेल्यासारखी काही वाटत नाही.)

परवा फोनवर तू विचारलंस, की एकुलती एक लेक, तिच्या लग्नात तिला हाताला धरून आत नेलं कोणी, तर सावत्र बापाने, हे कसं? तेव्हा मी लाइन खराब आहे असं सांगून फोन ठेवला. लाइन उत्तम होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक कोट, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

जानेवारीत मॉर्व्हेन स्वतः येऊन बसली, चहा प्याली आणि म्हणाली, की बाबा, मला आत तुम्हीच न्यायचं. मी खिडकीकडे बघत हो म्हटलं (तोंड दाखवण्यासारखं नव्हतं). पण मागोमाग तिने पर्समधून एक कागद काढला. लग्न दुपारचं, तेव्हा सगळ्या पुरुषांनी गुडघ्यापर्यंतचा चुणीदार किल्ट आणि त्यावर लोकरी ट्वीडचा कोट घालायचा, सगळ्यांचा एकसारखा, निळसर करडा, इन्व्हरनेसहून भाड्याने आणायचा. रंग ग्रेगरने निवडलेला आणि भाडंही ग्रेगरच भरणार. ग्रेगर म्हणजे लॉर्नाचा नवरा, पर्थला दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. त्याने पसंत केलेला कोट घालून माझ्या मुलीला मी आत नेणार नव्हतो. मी म्हटलं, माझा कोट मी बघतो.

त्यातून लग्न कुठे, तर अर्वी हाउसमध्ये, इस्टेटीच्या मालकांच्या त्याच वाड्यात. आता तिथे लग्नं लागतात, वाजंत्री आणि जेवणासकट. बाबांनी एकतीस वर्षं त्या इस्टेटीवर शिकारीच्या रानाची राखण केली आणि पुढच्या दाराने एकदाही आत गेले नाहीत, हे तुला मी सांगायला नको. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या हातात घड्याळ ठेवलं तेसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात. मी मनाशी ठरवलं, की लेकीचा हात धरून जायचं आणि त्या पुढच्याच दाराने जायचं. हसू नकोस. साठी उलटलेल्या माणसाला एखादी तरी हौस असावी.

पहिला कोट घेतला डिंगवॉलच्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून. तपकिरी, भारी कापड, कोपरांना चामडं. घरी येऊन किल्टवर चढवला आणि आरशात बघतो तर समोर जेसीमावशी उभी, अंडी गोळा करायला निघालेली. साधा कोट लांब असतो, ताई. किल्टच्या मागच्या सगळ्या चुण्या त्याच्याखाली गडप होतात आणि पुढची चामडी पिशवी चोरासारखी डोकावते. दुसरा आणला शेजारच्या टॉशकडून, तो आखूड होता खरा, पण त्याची बटणं लागेनात, आणि पाठीवर कसरीने जेवणावळ घातलेली. शेवटी मी ट्रंक उघडली आणि बाबांचा कोट बाहेर काढला.

(इथे जरा खुर्चीत बसून घे.)

तोच, अर्वीच्या कापडाचा, शेवाळी रंगाचा, त्यात गंजकी आणि पिवळी रेघ. हे विणकाम इस्टेटीचं स्वतःचं, चाकरीतल्या माणसांसाठी, म्हणजे डोंगरात हरणांना तो माणूस दिसू नये आणि गावात सगळ्यांना कळावा. कोट जपून ठेव असं तू मला बजावलं होतंस. मी जपलाच होता. फक्त बीटन शिंप्याकडे नेऊन खालून नऊ इंच कापून घेतला. म्हातारा तोंडात टाचण्या धरून बराच वेळ कापडावर हात फिरवत राहिला.

"मर्डो, हे चाकरीचं कापड आहे बाबा. हे अंगावर असेल तो अर्वीचा नोकर."

मी म्हटलं, माझा बाप होताच अर्वीचा नोकर. तो म्हणाला, "बाप होता. तू नाहीस." आणि कात्री उचलली. पण काम असं केलं, की खिसे वर घेतले, पुढून गोलाई काढली, आणि कोट बरोबर तिथे थांबवला जिथून किल्टचा घेर सुटतो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला आरशातला माणूस आवडला.

लग्नाच्या दिवशी रिमझिम होती. अर्वी हाउसच्या पायऱ्यांपाशी पोहोचलो, तर तिथे आठ माणसं उभी, किल्ट घातलेली, आणि आठांच्या अंगावर माझा कोट. नव्या मालकाने तेच कापड पुन्हा विणून घेऊन दारवानापासून वाढप्यापर्यंत सगळ्यांना कोट शिवले होते. बाबा गेल्यापासून रागाने मी त्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं, मग मला काय ठाऊक? बीटनला ठाऊक होतं. त्यातले सहा त्यानेच शिवले होते.

हातात यादी घेतलेली एक बाई आली, माझ्या हातात मोठी छत्री कोंबली, उशीर केल्याबद्दल झापलं आणि गाड्यांकडे पिटाळलं. एका वाक्याचं काम होतं, ताई. मी नवरीचा बाप, एवढंच. ते वाक्य मी बोललो नाही. डोक्यात तिडीक गेली होती. वाटलं, आता कोणीतरी ओळखू दे आणि शरमेने मरू दे. म्हणून चाळीस मिनिटं नवऱ्याकडच्यांच्या गाड्यांची दारं उघडली. लॉर्ना उतरली, माझ्या छत्रीखालून पायऱ्यांपर्यंत आली, थँक यू म्हणाली आणि आत गेली. चष्मा नव्हता म्हणे.

मग मॉर्व्हेनची गाडी आली. शेजारी ग्रेगर, कारण मी कुठे सापडत नव्हतो. दार मीच उघडलं.

"बाबा? सगळीकडे शोधलं तुम्हाला. ती छत्री ठेवा आणि चला."

"मी कामावर आहे," मी म्हटलं.

मग ग्रेगर तिला घेऊन गेला, पुढच्या दाराने. मी मागे वळसा घालून स्वयंपाकघरात गेलो. तिथल्या बाईने काही न विचारता सूपचा वाडगा पुढे केला, मी उभ्याने प्यालो आणि दुपारच्या बसने घरी आलो.

आता दोष ग्रेगरचा, नव्या मालकाचा, बीटनचा की यादीवालीचा, ते तू ठरव. माझ्यापुरता मी तो कोटाला देऊन मोकळा झालो आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझा
मर्डो

ता. क. लग्नाचे फोटो येतील. त्यात मला शोधू नकोस, फोटोग्राफरने नोकरांना बाजूला व्हायला सांगितलं होतं.

ता. क. २. वर एक गोष्ट गाळली आहे, आणि मॉर्व्हेनकडून तुला ती कळेलच. ती लगेच आत गेली नाही. हात पुढे करून पावसात उभी राहिली, झग्याची कड भिजेपर्यंत. ग्रेगर स्वतः मागे सरला आणि म्हणाला, "मर्डो, असं नको करूस रे. मुलगी तुझी आहे." मी छत्री दोन्ही हातांनी धरून ठेवली.

ता. क. ३. ती तुला दर रविवारी फोन करते. तिला म्हणावं, तुझ्या बापाचं चुकलं. तुझ्या शब्दांत सांग, माझे तिने ऐकले आहेत. तू म्हणशील, नंबर आहे ना, मग तूच का लावत नाहीस? लावला तर ती उचलेल, त्याचीच भीती वाटते.