फक्कीच्या रेघांचं चर्च

॥ येशू, मरिया, योसेफ ॥
सोलापूर, १६ जानेवारी २०२४

ति. ताईस,
सुकन्येचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. मठातल्या सगळ्या सिस्टर खुशाल आहेत, फक्त तुझा गुडघा रुसलाय, हे कळलं. जाळीच्या आत राहणाऱ्या बाईचा गुडघा एवढा कसा झिजतो, असं हे विचारत होते. मी म्हटलं, ती दिवसभर त्याच्यावरच असते. इकडे यांची सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गडबड अजून सरली नाही. पाय सुजलेत, पण नंदीध्वज पाहिल्याशिवाय संक्रांत झाली असं त्यांना वाटतच नाही.

आता खरी बातमी. ताई, आपलं नवं चर्च होणार! बिशपांची परवानगी आली. जुळे सोलापूरच्या पुढे मोकळी जागा मिळाली आहे. तू-मी जिथे पहिला परमप्रसाद घेतला ते पत्र्याचं चॅपेल आता पुरत नाही गं. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला निम्मी माणसं उन्हात उभी असतात. फादर सिल्व्हेस्टरनी मला बांधकाम समितीत घेतलं. का, तर म्हणे बायकांत मला एकटीला नकाशा वाचता येतो. जन्मभर भूगोल शिकवला तो असा कामाला आला.

आर्किटेक्ट मुलगी इथलीच आहे, श्रीदेवी. ती आपल्या धर्माची नाही, पण कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी काही रविवार मागच्या बाकावर येऊन बसली होती. काल तिने सगळ्यांसमोर चित्र उलगडलं. वेदीच्या मागची भिंत उंच, कोरी, आणि छताला एक फट. सकाळचं ऊन त्या फटीतून भिंतीवरून उतरत उतरत मिस्साच्या वेळी वेदीवर येणार. मला कॉन्व्हेंटमधलं चॅपेल आठवलं. मेणाचा तो वास, आणि गुळगुळीत फरशीवरून मोज्यांनी घसरत जाणारी तू, आणि मागून येणाऱ्या मदर! ते चित्र बघता बघता माझे हात आपोआप जोडले गेले. मग लाज वाटली. कागदालाच नमस्कार केला की मी!

पण ताई, घरी आले आणि जेवण जाईना. नव्या चर्चला धूळ आणि उकाडा नको म्हणून सगळ्या भिंती बंद आहेत. काचा न उघडणाऱ्या. गाड्या पार मागच्या अंगाला. मग यांची खिडकी कुठे?

तुला ठाऊक आहेच. लग्नाच्या वेळी यांनी सासूबाईंना शब्द दिला होता, गळ्यातलं इष्टलिंग उतरवणार नाही आणि चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही. म्हणून तर आमचं लग्न फादरांनी चॅपेलबाहेर मांडवात लावलं. सासूबाई जाऊन वर्षं झाली, शब्द मात्र आहे तिथेच आहे. पण दर रविवारी मला स्कूटरवरून आणायचं आणि मिस्सा संपेपर्यंत खिडकीबाहेर थांबायचं, हेही त्यांनी एकदा चुकवलं नाही. मी आत बाकाच्या कडेला, हे भिंतीपलीकडे, मधली खिडकी उंचावर. त्यांचा खोकला ऐकू आला की मला बरं वाटतं. कधीतरी हे आत येतील अशी आशा मी केव्हाच सोडली. आता तेवढा खोकलाही जाणार का गं?

तुझ्या प्रार्थनेत मला कडेची जागा ठेव, तिथे मला सवय आहे.
तुझी, सुकू


कार्मेल मठ, २८ जानेवारी २०२४

चि. सुकू हिस ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणानंतरच्या विरंगुळ्याच्या तासात सगळ्यांना वाचून दाखवलं. मोज्यांची गोष्ट मात्र गाळली. इथल्या नवशिक्या मुलींना माझ्याविषयी थोडा आदर आहे, तो राहू दे.

छताच्या त्या फटीवर मी तीन दिवस विचार करते आहे. मी मठाबाहेर पडायची नाही, तेव्हा मला ते चर्च कधी दिसायचं नाही हे माहीत आहे, पण ऊन भिंतीवरून उतरताना मात्र मला दिसू लागलंय. किती चांगली मुलगी असेल ती! देव कोणाच्या हातून काय काढून घेईल सांगता येत नाही.

आता तुझ्याविषयी. तू समितीत बसतेस आणि रडतेस मला पत्र लिहून! तोंड आहे ना तुला? शाळेत वर्गच्या वर्ग हलवायचीस. विचार त्या मुलीला, खिडकी उघडते का. आणि विरुपाक्षरावांना विचारलंस का, त्यांना काय हवंय? की त्यांच्या वतीने तूच उपाशी राहतेयस?

एक सुचवते. आमचं नवं प्रार्थनागृह बांधायचं ठरलं तेव्हा आमच्या मदरनी पाया खणण्याआधी अंगणात त्याचा आराखडा पांढऱ्या फक्कीने आखून घेतला, आणि आम्ही त्या रेघांच्या आत आठवडाभर प्रार्थना म्हटली. कागदावर जे कळलं नव्हतं ते पायांना कळलं. फादरांना सांगून बघ.

उपवासकाळ आला की मला पत्रं लिहायची नसतात, मिळालेली वाचता मात्र येतात. तेव्हा ईस्टरपर्यंत मी गप्प असेन. माझ्या गप्प राहण्यातही तुझं नाव असतं, हे विसरू नकोस.
तुझी ताई, सि. बेनेदिक्ता


॥ ये. म. यो. ॥
सोलापूर, ८ फेब्रुवारी २०२४

ति. ताईस सा. न. वि. वि.

तोंड उघडलं, आणि व्हायचं तेच झालं. आमचे खजिनदार अभिमन्यूराव, ते कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, ते म्हणाले की बाई, जो आत येत नाही त्याला खिडकी आणि जो येतो त्याला उकाडा, असं कुठं असतं का! सगळे हसले. मीही हसले, काय करू. श्रीदेवी मात्र हसली नाही. ती म्हणाली, भिंत उघडली की दक्षिणेचं ऊन सरळ आत येणार, त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

घरी यांना सांगितलं तर हे चिडलेच. म्हणाले, माझ्यापायी कुणी भिंत फोडायची नाही. मी काय तुझ्या देवाकडं जागा मागितली का? गाडीवर बसून पेपर वाचेन की मागं, लई झालं. मग रात्री जेवताना उगाच विचारलं, त्या नव्या ठिकाणी गाणी कितपत ऐकू येतील. मी म्हटलं, येणार नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसता हातात धरून बसले.

तुझी फक्कीची युक्ती मात्र फादरांनी उचलून धरली. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, नव्या जागेवर, आखलेल्या रेघांत मिस्सा. श्रीदेवी म्हणाली, असं काम तिने आजवर केलं नाही, आणि आता तिला शाळेच्या परीक्षेसारखी धडकी भरलीय.

त्या दिवशी सकाळी आमच्याकडे तोंड करून एक नमो मरिया म्हण.
तुझी, सुकू


॥ ये. म. यो. ॥
सोलापूर, १९ फेब्रुवारी २०२४

ति. ताईस सा. न. वि. वि.

तू उत्तर देणार नाहीस हे माहीत आहे. तरी आज लिहिलं नाही तर मला झोप यायची नाही.

आधी आमची चूक सांगते. शनिवारी श्रीदेवीने दोऱ्या ताणून फक्कीने अख्खं चर्च आखलं. तिची माणसं गेल्यावर आम्ही महिला मंडळाच्या बायका पाणी शिंपडायला गेलो. फक्की जाडीभरडी पडलेली, म्हणून नागम्माने घरून रांगोळी आणली आणि आम्ही रेघांच्या कडा सारख्या केल्या. तुला ठाऊक आहे, रेघ तुटलेली दिसली की बाईचा हात शिवशिवतो. जिथे जिथे रेघ सुटली होती तिथे तिथे आम्ही जोडून टाकली. सगळ्यांत पुढे मी, नकाशा वाचता येणारी! त्या सुटलेल्या जागा म्हणजे दारं होती गं.

रविवारी सकाळी माणसं आली आणि रेघेशी थांबली. काळ्या मातीवर ते पांढरंशुभ्र चर्च पसरलेलं, वर नुसतं आभाळ. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी चपला काढल्या. बोलणं आपोआप हळू झालं. आणि आत कुणी जाईना! दार कुठे आहे ते दिसेना, आणि रांगोळीच्या त्या रेघेवरून पाय टाकायला कुणाचं मन होईना. ताई, चिमूटभर पांढरी पूड. फुंकर मारली तर उडेल. पण फादर जांभळ्या झग्यात उभे, अभिमन्यूराव उभे, कडेवरची पोरंसुद्धा गप्प. जन्मात इतकी पक्की भिंत मी पाहिली नाही. श्रीदेवी तोंडावर हात ठेवून आमच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पलीकडून, जिथे गाड्या लावल्या होत्या तिथून हे आले. म्हणाले, अहो, देवळाला दार करायचं विसरला का काय तुम्ही? उन्हात म्हाताऱ्या उभ्या आहेत की! आणि अनवाणी पायाने त्यांनी दारापुरती रेघ पुसून टाकली. तिथल्या तिथे, दक्षिणेच्या अंगाला, जिथे नकाशात दार नव्हतंच. पुसलं आणि मागे सरकून बाजूला उभे राहिले. फादरांनी त्यांच्याकडे पाहून मान लववली आणि त्या जागेतून आत गेले. मागून आम्ही सगळे. शेजारच्या पायावर पाय पडेल इतकी गर्दी, पण त्या दोन हातांच्या जागेबाहेरून एकहीजण आत शिरला नाही.

आता मला सांगायचंय ते. मी नेहमीसारखी कडेला बसले. मधे भिंत नव्हती. ताई, इतकी वर्षं संसार केला, पण मिस्साच्या वेळी मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. कसं पाहणार? मला वाटायचं, हे बाहेर पेपर वाचतात, सुपारी कातरतात, डुलकी काढतात. काल पेपर स्कूटरच्या हुकाला तसाच अडकवलेला होता, घडी न मोडता. आणि हे उभे होते. आम्ही बसलो तेव्हाही उभे. अनवाणी. स्तोत्र सुरू झालं तर त्यांचे ओठ हलत होते, एक शब्द चुकत नव्हता. माझा चुकला. फादरांनी ख्रिस्तशरीर उंच धरलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि उजवा हात छातीवर ठेवला, शर्टाच्या आत जिथे त्यांचं इष्टलिंग आहे तिथे. आपल्या देवाला घट्ट धरून ते माझ्या देवापुढे उभे होते. मी वेदीकडे पाहायला हवं होतं. मला पाहता आलं नाही. पण त्या क्षणी वेदीकडे पाठ होती असंही मला वाटलं नाही.

शांतीचा नमस्कार करायची वेळ आली तेव्हा मी वळले, आणि रेघेपलीकडे हात जोडले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग घाईने हात जोडले, पाहुण्याला करतात तसे. मला हसू आलं आणि रडूही.

घरी येताना स्कूटरवर मी काहीच विचारलं नाही. काय विचारणार? जे त्यांनी इतकी वर्षं भिंतीआड जपलं, ते मी चुकून पाहिलं. नव्या चर्चला खिडकी होवो न होवो, मला आता ठाऊक आहे की तिथे कोण उभं असतं. एवढं मात्र मागते, त्यांना गाणी ऐकू येऊ देत.

तू गप्प आहेस तरी तुझी माया पोचते आहे.
तुझी, सुकू


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २५ फेब्रुवारी २०२४

ति. ताईंना विरुपाक्षचा शरणार्थ, वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, ‘यांचा नमस्कार’ असं ही कधीमधी खाली लिहिते त्यावरच आजवर भागवलं. सूतगिरणीत जन्म गेला, लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. हे पत्र हिला माहीत नाही.

चर्चची बातमी हिच्याआधी मी देतो. ती श्रीदेवी परवा घरी आली होती. मी पुसलं तिथंच तिनं दार काढलंय. त्या बाजूला भिंतीच्या लांबीची रुंद ओसरी घेतलीय. ओसरीची सावली पडली की भिंत तापत नाही, मग खिडक्या उघड्या ठेवता येतात, असं तिनं समितीला पटवलं. अभिमन्यूरावांनी विजेचा खर्च वाचतो म्हटल्यावर लगेच मान डोलावली. खिडक्या खाली, कोपर टेकेल एवढ्या उंचीवर. ओसरीवर दगडी बाक. मला विचारत होती, बाक किती लांब करू. मी म्हटलं, माझ्यासारखे अजून असतील, लांबच कर. जुन्या चॅपेलच्या मागल्या खिडकीशी दोघेजण उभे असतात, त्यांच्याही बायका आतच असतात.

तुमची बहीण त्या रविवारपासून गप्प आहे. न मागता दोनदा माझ्या आवडीची गोड हुग्गी केली. तिनं काय पाहिलं ते मला कळलंय. ती बोलत नाही, मग मीही बोलत नाही. आमचं असंच चांगलं चाललंय.

आता ज्यासाठी लिहितोय ते. तुम्ही या विषयातल्या, म्हणून तुम्हाला विचारतो. आईला मी शब्द दिला होता, पाऊल आत टाकणार नाही. तो मी पाळला. पण त्या दिवशी रेघ पुसताना उजवा पाय रेघेवर होता. रेघ होती तोवर पाय रेघेवर होता हे नक्की. पण ती पुसली गेली, मग त्या क्षणी पाय कुठं होता? तुमच्यात तो आत धरतात का बाहेर? मी लई विचार केला, मला सुटत नाही. फादरांना विचारलं तर ते मला जवळ घेतील आणि विषय वाढेल. म्हणून तुम्हाला.

घाई नाही. ईस्टरनंतर सावकाश लिहा, पाकिटावर माझं नाव घाला. उत्तर काही आलं तरी मी ओसरीवरच बसणार आहे, ते ठरलंय. पण आत असं आलं, तर आईला मी माझं मी सांगेन.

लहानाकडून काही अधिकउणं झालं असेल तर पदरात घ्या, आणि आहे तो लोभ कमी करू नका.

आपला,
विरुपाक्ष