उंच केलेल्या पिकअपची थरथर

मी, कैलास कुशाबा गवारे, वय अडुसष्ट, पूर्वीचा धंदा शेती आणि गॅरेज, सध्याचा धंदा खोल्या भाड्याने देणे, राहणार माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. साखर आहे, ती गोळ्यांनी आटोक्यात आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात कोणी असावे लागते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यामागे मुलगा अमोल आणि मुलगी शुभांगी यांच्यात वाद होऊ नये आणि एका माणसाबद्दलचे खरे कागदावर यावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. गावठाणातील चौदा खोल्यांची तीन मजली इमारत अमोल व शुभांगी यांना निम्मी-निम्मी. शुभांगीकडून हक्कसोड लिहून घेऊ नये. मी माझ्या दोन्ही बहिणींकडून साडीचोळीवर घेतले होते, ते बरोबर नव्हते. इमारतीत चाळीसेक माणसे राहतात. त्यांच्या फोनमध्ये माझे नाव ‘रूम ओनर माण’ असे आहे आणि समोर आलो की ‘अंकल’ म्हणतात. पाण्याची मोटर चालू करायला मी लागतो, त्यापलीकडे लागत नाही. तक्रार नाही. एखाद्या सकाळी मी उठलो नाही, तर नळाला पाणी नाही म्हणून तरी कोणीतरी दार वाजवील.

कलम २. बँकेतील ठेवींना वारसांची नावे लावलेली आहेत, त्याप्रमाणे व्हावे. माझी पत्नी कै. सुलक्षणा हिची मोहनमाळ शुभांगीला.

कलम ३. गॅरेजमधली हत्यारे. अमोलला यातले काही नको, त्याने फोनवर स्पष्ट सांगितले: “बाबा, त्या पान्यांचं मी फ्लॅटमध्ये काय करू?” रास्त आहे. पाने, जॅक आणि ग्राइंडर मारुंजीच्या जयसिंगला द्यावेत. मात्र लोखंड पकडून धरायचा माझा वाइस त्याने १९९४ साली दोन दिवसांसाठी म्हणून नेला आहे, तो त्याने आधी आणून दाखवावा. वेल्डिंगचे मशीन कोणालाही देऊ नये, भंगारात घालावे. कारण पुढे येईल.

कलम ४. एकोणीसशे नव्व्याण्णव सालची पांढरी पिकअप. डोंगराकडच्या खाचरांपर्यंतची वाट पावसाळ्यात गाळाने भरायची आणि गाडीचे पोट घासायचे, म्हणून २०१४ साली मी ती उंच केली. कमानींना जादा पाटे टाकले, मोठे टायर घातले. लोक थांबून बघायचे. मीही तिच्याकडे जरा जास्तच बघायचो.

त्यानंतर तिला थरथर लागली. पन्नासच्या पुढे गेली आणि एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात नाचायचे, आणि वेग पार खाली आणल्याशिवाय थांबायचे नाही. अशी गाडी ज्याच्या वाट्याला येईल त्याच्यासाठी तपासणीचा क्रम लिहून ठेवतो. आधी टायरमधली हवा. मग चाकांचे बॅलन्सिंग. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवावे, त्यात बेअरिंग आणि किंगपिन ढिले आहेत का ते कळते. आडवे हलवले की टायरॉडचे एंड कळतात. हे सगळे मी केले. एंड बदलले, बुश बदलले, शेवटी स्टिअरिंगच्या दांड्याला आडवा शॉकअप लावला. थरथर कमी झाली, आणि कमी झाली म्हणजे गेली असे मी धरले. वास्तविक शॉकअपने दोष फक्त झाकला जातो, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो होतो.

खरी तपासणी जॅकवर होत नाही. गाडीचे वजन चाकांवर हवे. एकाने सीटवर बसून स्टिअरिंग थोडेथोडे डावी-उजवीकडे फिरवायचे आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवत जायचे. बोटाखाली जिथे कट् लागते तिथे दोष. याला दोन माणसे लागतात. आमच्याकडे वर सुलक्षणा बसायची. गिऱ्हाइकांच्या शंभर गाड्यांवर ती बसली असेल, मांडीवर निवडायची मेथी घेऊन. या गाडीच्या वेळी ती बहिणीकडे लग्नाला गेली होती. मी दोन दिवस थांबलो नाही, एकट्यानेच उरकले.

कलम ५. जालिंदर म्हसू कोकरे, राहणार धनगरवाडा, हा माझ्याबरोबर पहिलीपासून शाळेत होता आणि पुढे चौदा वर्षे माझ्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. मार्च २०१६ मध्ये तो सुलक्षणाला पौडच्या बाजारातून आणत असताना उतारावर खड्डा लागला, स्टिअरिंग नाचले आणि पिकअप मोरीच्या कठड्यावर चढली. त्याला खरचटले. सुलक्षणाचे खुब्याचे हाड मोडले.

त्या शनिवारी मारुतीच्या देवळात, आरतीला जमलेल्या साठ-सत्तर माणसांसमोर मी म्हणालो, जालू प्यालेला होता. हा माणूस लग्नातसुद्धा सरबतावर भागवतो, हे मला माहीत होते. पोलिसात देत नाही हे उपकार समज, असेही म्हणालो. तो चपला घालून निघून गेला. घरी सुलक्षणा खाटेवरून म्हणाली, “त्याची चूक न्हाई ओ. स्टेरिंग आदीपासनंच नाचत हुतं. तुमी खाली बघा की.” मी तिला गप्प बसवले. नंतर कोणीही जालिंदरच्या हाती गाडी दिली नाही. पुढची वर्षे त्याने मेंढ्यांमागे आणि एका सोसायटीच्या गेटवर काढली. सुलक्षणा २०१९ साली न्यूमोनियाने गेली. तिच्या मयतीला तो आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि तसाच गेला.

मी पिकअप दुरुस्त केली, पण पन्नासच्या पुढे पुन्हा कधी नेली नाही. यावरून वाचणाऱ्याने काय ते समजावे.

आता ती कोणाला द्यायची हे लिहायला बसलो, तेव्हा वाटले, दोष लपवून गाडी देऊ नये. पण मी खाली झोपलो तर वर बसायला कोणी नाही. अमोलला म्हटले, रविवारी ये. तो म्हणाला, “बाबा, एवढ्यासाठी कोणी येतं का? भंगारात द्या.” खोली क्रमांक पाचमधला पियूष बसला. दोन मिनिटांत त्याचा फोन वाजला, तो बोलत बोलत उतरून गेला आणि मी बराच वेळ खालून ‘डावी, उजवी’ म्हणत राहिलो. शेवटी खोली नऊमधली गौतमी, जी नर्स आहे, म्हणाली, “काका, मोबाईल खाली ठेवा ना शूटिंगला. तुम्ही वर बसा.”

तसे केले. मग शूटिंग पाहिले. जो घट्ट हवा तो स्टिअरिंगचा बॉक्सच चेसिसवर हलत होता. गाडी उंच करताना त्याच्यामागे जी लोखंडी पट्टी मी माझ्या हाताने वेल्ड केली होती, तिला तडा गेला होता आणि तड्यात जुना गंज धरला होता. तडा अपघातात पडला असेल, असेही मनाला सांगून पाहिले. पण थरथर अपघाताच्या आधीची होती. ते शूटिंग मी सात वेळा पाहिले. सुलक्षणाला दाखवावेसे वाटले. दुसरे कोणी सुचले नाही.

कलम ६. माझ्या दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीची भाषणे सुरू होण्यापूर्वी अमोलने कलम ५ माइकवरून मोठ्याने वाचावे. पिकअप जालिंदरला द्यावी. (हे संपूर्ण कलम रद्द. कै. कु. ग.)

कलम ६ रद्द करण्याचे कारण. साक्षीदार म्हणून मी जालिंदरला निरोप धाडला. तो गुरुवारी आला, पायरीवरच बसला. मी सहाही कलमे वाचून दाखवली. त्याने मला ‘तुमी’ म्हटले. शाळेपासून ‘तू’ म्हणणारा माणूस.

“गाडी मला नगं,” तो म्हणाला. “आन् दहाव्याला कशाला वाचायचं? तवर मी आसन का न्हाई, कुणाला ठाव? तुमी बी न्हाई, मी बी न्हाई, मग अमोलनं ते ऐकवायचं कुणाला?”

मी म्हणालो, “मग काय करू?”

“जितं म्हनला हुता तितं सांगा. तोंड हाय की अजून.”

“गाडीत दोष आहे हे तुला माहीत होतं?”

“चालवत हुतो मी ती. हाताला कळतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी इचारलं न्हाई.”

मृत्युपत्रात लिहिले की आपण सुटलो, असे मी धरले होते. मेल्यावर लाज वाटत नाही, म्हणून मी तो दिवस निवडला होता.

काल शनिवारी आरतीनंतर मी पुजाऱ्याकडून माइक मागून घेतला. देवळात अकरा माणसे होती. त्यातले सात भाडेकरू, प्रसादासाठी थांबलेले. तेव्हा ज्यांनी ऐकले होते त्यांतले बरेच वारले, बरेच जमिनी विकून शहरात राहायला गेले. जुन्यांपैकी आत एकटे अण्णासाहेब होते, त्यांना ऐकू येत नाही. मी पट्टीचे सांगितले, तड्याचे सांगितले, दारूचे खोटे होते हे सांगितले, जालिंदरचा त्यात काही दोष नव्हता हे दोनदा सांगितले. पियूषशेजारच्या मुलाने विचारले, “अंकल, ये जालिंदर कौन है?”

चपलांजवळून जालिंदर म्हणाला, “मी.”

मला फार वाईट वाटले. माझे खोटे ऐकायला सगळे गाव होते. खरे ऐकायला गाव राहिलेच नाही, आणि त्याला उशीर मीच केला.

सबब कलम ६ रद्द. पिकअपबाबत असे की, ती पट्टी कापून नवा ब्रॅकेट चांगल्या वर्कशॉपमध्ये बसवावा, जादा पाटे काढून गाडी मूळ उंचीवर आणावी, आणि मगच अमोलने ती विकावी. घेणाऱ्याला कलम ४ व ५ वाचायला द्यावे. हे काम मी स्वतः सोमवारी सुरू करणार आहे. अपुरे राहिले तर अमोलने करावे.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड आहे तिथे आद्याक्षरे केली आहेत. खालील दोघांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

मुक्काम माण, रविवार, दिनांक २३ नोव्हेंबर २०२५.

सही: कैलास कुशाबा गवारे

साक्षीदार १: गौतमी सुरवसे, खोली क्रमांक ९. मृत्युपत्र करणाऱ्यास किती वर्षे ओळखतात: दीड.

साक्षीदार २: जालिंदर म्हसू कोकरे, धनगरवाडा. मृत्युपत्र करणाऱ्यास किती वर्षे ओळखतात: ६१. (मधली नऊ वजा करायची का, असे मी त्याला विचारले. त्याने पेन घेतले आणि आकडा स्वतः लिहिला.)