ताणा कुणी कापला

अम्मा, नटानं तिसऱ्यांदा ताणा कापला आणि तिसऱ्यांदा दिग्दर्शक म्हणाला, "अजून राग हवा." नटानं ब्लेड आडवं धरलं आणि मागावरचे उभे धागे एका झटक्यात छाटले. तुझ्या कादंबरीत असं नाही. तिथं धागे विडीच्या कात्रीनं कापलेले आहेत. तेंदूच्या पानाएवढा एक काप, मग थोडा वर दुसरा, त्यामुळं टोकं पायऱ्यांसारखी दिसतात. त्या पायऱ्या बघून कादंबरीतल्या सोळा वर्षांच्या मुलीला कळतं की हे ताणा जोडणाऱ्या कामगाराचं काम नाही. घरात विड्या वळणाऱ्या आपल्या आईचं आहे. ती कुणाला सांगत नाही, तिथं कादंबरी संपते. चित्रपटात कामगारच गुन्हेगार आहे आणि मुलगी त्याला गल्लीसमोर पकडून देते. कादंबरीचे हक्क तुझ्यामागं माझ्याकडं आले. मी परवानगी दिली तेव्हा कथेत बदल करता येतील असं करारात होतं. मी ते वाचलं होतं. मला वाटलं, गाणी घालतील.

शूटिंग आपल्याच कारखान्यात होतं. आता तो भाऊ चालवतो. जुन्या मागांपैकी दोन त्यानं विकले नव्हते, म्हणून दिग्दर्शकाला जागा आवडली. पूर्व भागातली अर्धी गल्ली बघायला आली होती. मामाही आले. नात्यातले नव्हेत, नाना कारखाना चालवायचे तेव्हा ताणा जोडायला होते तेच मामा. त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मला ते अजून बिड्डा म्हणतात, लेकरू. माझे केस पांढरे झालेत.

खरा ताणा कापला गेला त्या सकाळी तू स्वयंपाकघरात चिंचेचा भात करत होतीस. अक्कलकोट रोडची मंडळी माझी सोयरीक पक्की करायला येणार होती. त्यांचेही माग होते. माझी दहावी नुकतीच झाली होती आणि पुढं शिकायचं मी तुझ्याजवळ बोलले होते, नानांजवळ नाही. नाना कारखान्यातून येतात, दारात उभे राहतात, म्हणतात, ताणा कापलाय कुणीतरी. तू चुलीचा जाळ कमी करतेस. एवढंच. मंडळी आली, त्यांनी माग बघितला. मुलाची आत्या म्हणाली, "ज्या घरात आजच्या दिवशी ताणा तुटतो तितनं पोरगी आणायची न्हाय." ती तिथून उठलीसुद्धा. भात आपणच दोन दिवस खाल्ला. कादंबरीतल्या आईचा भात करपतो. तुझा करपला नव्हता.

किल्ली मामांकडं असायची. आदल्या दिवशी सुट्टीवरून त्यांचं नानांशी वाजलं होतं. नानांना तेवढं पुरलं. तोडलेली टोकं त्यांनी लगेच चुलीत घातली, त्यामुळं ती सरळ होती की पायऱ्यांची, हे मी बघितलं नाही. मामा नाहीत म्हटलं तर घरातलं कुणीतरी, हे नानांना सुचलं असणार, म्हणून त्यांनी पुढं विचार केला नाही. मामांना हाकललं तेव्हा तू ओट्याजवळ उभी होतीस आणि बोलली नाहीस. गल्लीत पुन्हा कुणी त्यांना मागाजवळ येऊ दिलं नाही. ते एका गोदामावर राखणदार झाले. मी कॉलेजात गेले.

कादंबरी तू त्यानंतर लिहायला घेतलीस. दुपारी, मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवून. घरात आपण तेलुगू बोलायचो आणि तू मराठीत लिहायचीस. मला हाक मारून विचारायचीस, "गाठ म्हणजे तो की ती?" मी एकदा हसले. तू म्हणालीस, "हास. पण सांग." कुमारांसाठीची रहस्यकथा म्हणून ती छापली गेली आणि शाळांच्या कपाटांत गेली. त्या कथेत मामा निर्दोष होते. मामांना मराठी वाचता येत नव्हतं.

चौथ्या वेळची तयारी चालू असताना मामांनी नटाकडं बोट केलं. "ह्यो कोन?"

"जोडणीवाला कामगार, काका," दिग्दर्शक म्हणाला. तो पुण्याचा आहे, वयानं लहान, वागायला चांगला. "हाच कापतो."

"कशापायी?"

"मालकावर राग असतो ना त्याचा."

"व्हय का." मामांनी लोंबणाऱ्या धाग्यांकडं बघितलं. "लईच राग हाय मग." ते खुर्चीतून उठले, मला म्हणाले, "बिड्डा, पिच्चर माजी नात बी बगंल की."

मी दिग्दर्शकाला म्हणाले, शेवट पुस्तकात आहे तसा ठेवा. तो म्हणाला, "मॅडम, यावर आपलं बोलणं झालंय. आई गुन्हेगार लोकांना पटत नाही."

"पण ते खरं आहे."

"काय खरं?"

"माझ्या आईनंच कापला होता. याच कारखान्यात."

दिवे लावणारा माणूस हातातली वायर धरून तसाच थांबला. दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. "म्हणजे सत्य घटना? हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" निर्मात्याला फोन लावत तो बाहेर गेला. दारातली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मला तवाच वाटलं हुतं." ती तेव्हा या गल्लीत लग्न होऊन आलीही नव्हती.

मामा उभेच होते. "खरं सांगतीस?"

"हो."

ते मग पुन्हा खुर्चीत बसले. "बरं," ते म्हणाले. "च्या सांग की मग."

संध्याकाळी भाऊ आला. तो दारातच होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. "अक्का, अम्मा मेली, तिला आता बोलता येत न्हाय. तिचं नाव घालवलंस तू. पुरावा काय तुज्याकडं?"

"कादंबरी."

"ती गोष्ट हाय. गोष्ट लिवली म्हणून माणूस गुन्हेगार व्हतंय का?"

"मामा तर गोष्टीशिवायच झाले."

"मामाला कोन इचारतंय आता? अम्माचा फोटो हाय माज्या कारखान्यात. रोज हार घालतो मी." आवाज चढला तसा तो तेलुगूत गेला. तिथं तो बारा वर्षांचा असल्यासारखा बोलतो.  त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

हे मी तुला लिहिते आहे ते माफीसाठी नाही. तू कापला असशील, तर मामांना हाकलताना गप्प बसलीस, तेही तुझंच. आणि नसशील, तर मी आज एका जिवंत माणसासाठी एका मेलेल्या बाईवर आळ घेतला. दोन्हीपैकी कोणतं, हे विचारायला मला पुष्कळ वर्षं मिळाली होती. शेवटी तू दवाखान्यात होतीस तेव्हा तर मी रात्रंदिवस तुझ्याजवळ होते. तू मोसंबीही सुरी न घेता हातानं सोलायचीस आणि मला काहीही विचार अशा नजरेनं बघायचीस, निदान मला तसं वाटायचं. मी विचारलं नाही. तू नाही म्हणाली असतीस, तर माझ्यासाठी कुणीच काही केलं नव्हतं असं ठरलं असतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, तेव्हा पत्ता घालत नाही.

कागद अजून उघडाच आहे म्हणून हेही लिहिते: दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं कारखान्याला कुलूप घातलं. युनिटनं पलीकडच्या गल्लीतला कारखाना भाड्यानं घेतला. नव्यानं लिहिलेल्या प्रसंगासाठी आईचं काम करणारी नटी पुण्याहून निघाली होती. ती दुपारपर्यंत पोचेल असं कळलं.