खिसे न तपासलेला आठवडा

तीर्थस्वरूप दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा (वय वर्षे एकावन्न, तरी धाकटाच) साष्टांग नमस्कार. आपली प्रकृती ठणठणीत असणार याबद्दल मला शंका नाही, कारण परवा चौकातल्या सभेत आपण पाऊण तास बोललात ते आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीपर्यंत स्वच्छ ऐकू आलं, आणि मध्ये यंत्रं चालू होती. गुडघा कसा आहे? ताईचा रक्तदाब कसा आहे? (आपण सभेला गेलात की तो खाली येतो, असं ती म्हणते. ही चेष्टा तिची, माझी नव्हे.) इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. माझे दोन्ही तळहात साबणाने सोलले आहेत आणि हिची कमर धरली आहे, पण ते सगळं पुढे येईलच.

आपण माझ्याशी बोलणं सोडलंत त्याला आता तीन महिने होतील. मी आपल्या मंडळाच्या निवेदनावर सही केली नाही, त्या दिवसापासून मी समोरून आलो की आपण दुकानांच्या पाट्या वाचायला लागता. म्हणून हे लेखी. निवेदनाचा आशय मला पाठ आहे: सरहद्दीपलीकडून विनाकागद आलेले लोक इथल्यांच्या पोटावर पाय देतात, तेव्हा त्यांना परत पाठवा. उदाहरण म्हणून तिसऱ्या परिच्छेदात माझी लाँड्री. (सख्ख्या मेहुण्याला निदान पाचव्या परिच्छेदात तरी घालायचं.) त्याचा परिणाम असा की आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींना ठेवायचं की सरहद्दीच्या बसमध्ये बसवायचं, हे येत्या पंधरा दिवसांत ठरायचं आहे. पत्र त्यासाठीच आहे. पण मुळापासून सांगतो, नाहीतर आपण म्हणाल, नेहमीसारखा मधूनच सुरू झाला.

आमच्याकडे अकरा माणसं. त्यातल्या नऊ जणांकडे कागद नाहीत. तपासणी येणार अशी कुणकुण लागली तेव्हा मी नऊही जणांना आठवडाभर सुट्टी दिली आणि दारावर पाटी लावली की स्थानिक माणसं पाहिजेत. मनात म्हटलं, चला, ह्या निमित्ताने दाजीही खूश होतील. पाटी वाचून सहा जण आले. एकाने यंत्राची वाफ बघूनच नमस्कार केला. दुसऱ्याने बसून करण्यासारखं काय आहे ते विचारलं. तिसरा मात्र खरोखर कष्टाळू निघाला, दुपारपर्यंत उकळत्या चादरी उपसल्या आणि मग शांतपणे म्हणाला की ह्याच पगारात पलीकडच्या गोदामात सावलीत काम मिळतं. त्यांच्यात आळशी कोणी नव्हतं हो. मी जो पगार देत होतो, त्यात ते काम करायला राजी होईल असा माणूस फक्त तोच, ज्याला दुसरीकडे कुठे विचारत नाहीत.

मग मी पगार वाढवला. पगार वाढवला म्हणून हॉटेलच्या चादरींचा दर वाढवला. हॉटेलचा व्यवस्थापक म्हणाला, एवढा दर असेल तर आम्ही शेजारच्या गावी धुवायला देतो. मी म्हटलं, द्या. दिल्या. तिथे आमच्याहून निम्म्या वेळात चादरी धुऊन आल्या, आणि घड्या अगदी आमच्यासारख्या. चौकशी केली तर धुणारे आमचेच पाच जण, सुट्टीत रिकामं कशाला बसायचं म्हणून तिकडे गेलेले.

आता आपल्या मंडळाचा सभासद असलेल्या आमच्या इस्त्रीवाल्याचं ऐका. माणूस तीन पिढ्यांचा इथला, कागदांची पेटी भरलेली. ह्या लोकांमुळे आपला पगार सात वर्षं जागचा हलला नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने लगेच वाढ मागितली आणि मी लगेच दिली, न देऊन सांगतो कोणाला. सोमवारी वाढ मिळाली. मंगळवारी धुतलेल्या चादरी संपल्या. बुधवार, गुरुवार तो गार इस्त्रीला टेकून उभा. शुक्रवारी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "शेठ, वाढ परत घेऊ नका, पण धुणारे तेवढे आणा." त्याच दुपारी आपल्या मंडळाचे खजिनदार मागच्या दाराने आले. (पुढच्या दाराने आपली सभा दिसत होती.) मला वाटलं, वर्गणी. तर त्यांना विचारायचं होतं की ती माणसं परत कधी येणार, कारण त्यांच्या भाड्याच्या तीन खोल्या ओस पडल्या आहेत. त्यांच्यामागून चहावाला, त्याच्यामागून सायकल दुरुस्तीवाला. सगळ्यांच्या सह्या निवेदनावर आहेत, मी पाहिल्या.

तरीही दाजी, आपला एक मुद्दा खरा आहे, तो मी कबूल करतो. इस्त्रीवाल्याचा पगार सात वर्षं हलला नाही तो काही उगीच नाही. त्या नऊ जणांना मी कमी देत होतो, कारण तक्रार करायला ते जाणार कुठे? आणि ते कमी घेतात हे दाखवून मी ह्याला गप्प बसवत होतो. घास कोणी पळवला असेल तर तो मी पळवला, आणि आळ त्यांच्यावर आला. निवेदनात माझं नाव बरोबर होतं, फक्त पोटावर पाय कोणाचा, एवढंच चुकलं होतं. हे लिहिताना मी आपल्यासमोर नाही, याचं बरं वाटतं आहे.

असो. सुट्टीच्या त्या आठवड्यात इस्पितळाच्या चादरी तरी द्यायलाच हव्या होत्या, म्हणून आम्ही नवरा-बायको उभे राहिलो. मोठ्या चादरीची घडी दोघांनी घालायची असते, हे आपल्याला ठाऊक नसेल. समोरासमोर उभं राहायचं, टोकं धरायची, झटका द्यायचा आणि एकमेकांकडे चालत यायचं. बावीस वर्षं संसार केला, पण मी डावीकडे वळवली की ही उजवीकडे वळवते हे मला चादरींनी सांगितलं. चाळीस चादरींत आम्ही लग्नाच्या पंगतीपासून ते माझ्या घोरण्यापर्यंत सगळे विषय संपवले. मावशी आणि त्यांची जोडीदारीण तासाला शंभर घड्या घालतात, आणि वर गप्पाही मारतात.

मावशींचं मुख्य काम मात्र वेगळं. कुठलाही कपडा यंत्रात जाण्याआधी त्याचे खिसे तपासणं. चौदा वर्षं त्या हेच करतात. किल्ल्या, अंगठ्या, एकदा तर अख्खी कवळी, सगळं ज्याचं त्याला परत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कपड्यात कधी टाचणी सापडली नाही. त्यामुळे आमच्या घरात खिसे तपासण्याची सवयच राहिलेली नाही, आणि तिथेच घात झाला. तपासणीच्या आदल्या दिवशी मी शहाणपणा करून स्वतःचे सगळे कागद, जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, दुकानाचा परवाना, ऐनवेळी शोधायला नकोत म्हणून कोटाच्या खिशात घालून ठेवले. सकाळी हिला वाटलं, अधिकारी येणार तर नवऱ्याचा कोट स्वच्छ हवा. कोट यंत्रात. अधिकारी आले, बसले, माझे कागद मागितले. मी खुंटीकडे हात नेला. खुंटी रिकामी. यंत्राच्या गोल काचेत माझा कोट फिरत होता आणि त्याच्याभोवती पांढरा चोथा.

अधिकाऱ्यांनी काचेत वाकून पाहिलं. मग वहीत बघत म्हणाले की आज ह्या दुकानात कागद नसलेले आपण एकटेच दिसता. मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मागचं दार उघडून मावशी आत आल्या. त्या मागच्याच गल्लीत राहतात, आणि यंत्राच्या आवाजावरून खिशात काहीतरी राहिलंय हे त्यांनी घरात बसून ओळखलं होतं. कोणाकडे न बघता त्यांनी यंत्र थांबवलं, कोट काढला, आणि चोथ्यातले तुकडे एकेक करून इस्त्रीच्या टेबलावर मांडायला लागल्या. मी डोळ्यांनी खुणा करून थकलो. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण कोण? शेजारीण म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. मावशी म्हणाल्या, "मी इथे काम करते. माझ्याकडे कागद नाहीत, साहेब. पण ह्यांचे जरा जपून उचला, शाई ओली आहे."

दाजी, मला तिथेच रडू आलं. ज्या बाईला मी चौदा वर्षं कमी पगार दिला, ती माझे कागद वाचवायला स्वतः होऊन पकडली गेली. इस्त्रीवालाही तोंड फिरवून उभा राहिला.

अधिकारी माणूस बरा होता. त्यांनी सांगितलं की इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला इथे राहण्याचा अर्ज करता येतो. मात्र निकाल लागेपर्यंत एखाद्या घरमालकाने त्यांची हमी घ्यायला हवी आणि त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घ्यायला हवं. कामावर ठेवणारा म्हणून माझी हमी चालत नाही. चालली असती तरी उपयोग नव्हता, कारण माझ्या जन्माच्या दाखल्यातलं फक्त वडिलांचं नाव वाचलं आहे. सरकारदरबारी मी अजून जन्माला यायचा आहे. पंधरा दिवसांत हमीदार मिळाला नाही तर बस.

बाकीचे आठ जण कुठे आहेत हे आपण विचारू नये, म्हणजे मला खोटं लिहावं लागणार नाही. पगार मात्र मी सगळ्यांचा सारखा केला आहे, इस्त्रीवाल्याची वाढ कायम आहे, आणि शेजारच्या गावची धुलाई एकाएकी मंदावल्यामुळे हॉटेलच्या व्यवस्थापकाने नवा दर मुकाट्याने मान्य केला. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घालावं. ताईला नमस्कार, आपल्या गुडघ्याला आराम.

आपला,
अद्याप न जन्मलेला मेहुणा

ता. क. आपल्या लक्षात आलंच असेल. हमीदार घरमालक हवा, प्रतिष्ठित हवा आणि शक्यतो अशा लोकांचा लाड करणारा नको, म्हणजे अर्जाला वजन येतं. आपल्यापेक्षा योग्य माणूस साऱ्या गावात नाही. एक सही करावी, ही विनंती.

ता. क. २. वरची विनंती मागे घेतो. घर ताईच्या नावावर आहे हे आपण सभेत कधी बोलला नाहीत, त्यामुळे माझ्या ध्यानात नव्हतं. ताई काल येऊन सही करून गेली. आपल्याला तिने अजून सांगितलेलं नाही, कारण आज आपली सभा नाही आणि रक्तदाब जरा चढा आहे.

ता. क. ३. हे पत्र घेऊन आलेली बाई म्हणजेच मावशी. ट्रंक त्यांचीच आहे. पत्र जरा लांबलं, आणि त्या सांगितल्याशिवाय बसत नाहीत, तेव्हा पहिल्या ओळीपासून त्या दारात उभ्याच असतील. सही ताईची चालली, पण "आत या, बसा" एवढं आपणच म्हणायला हवं.