पिठात उभ्या केलेल्या मेणबत्त्या

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात हातातून भांडं निसटलं की मी अजून दचकून मागे बघते. काल तर हद्दच झाली. आमच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून लेकीनं टेबल मांडलं, दिवे बंद करून मेणबत्त्या लावल्या, "आता तुम्ही दोघंच" म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. मला काही बसवेना. पाणी आणायला उठले, लोणच्याला उठले, शेवटी सरळ ट्यूब लावून आले. तुमचा लेक गालातल्या गालात हसला. तेव्हापासून जिवाला चैन नाही. लेकीला कारण सांगायला गेले तर गोष्ट अर्ध्यावर अडते, कारण उरलेली अर्धी मी तुम्हालाही कधी सांगितली नाही.

जुईनगरचं आपलं ते वन रूम किचन आठवा. बाहेरच्या खोलीत तुमची कॉट, आत ओट्याखाली आमची गादी, मध्ये एक पडदा. आपल्या घरात कुजबुजीलाही तीन माणसं असायची. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि मी ह्यांच्याशी एक सबंध वाक्य मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही. जेवणाचं तर विचारूच नका. आधी हे जेवणार, मग तुम्ही, मग मी. साताऱ्याकडची रीत म्हणायची आणि गप्प बसायचं. त्यात बेलापूर रोडवरच्या एकेका कारखान्याला टाळं लागत चाललं होतं, ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला होता आणि कुठून तरी मस्कतच्या नोकरीचं निघालं. दोन वर्षांचा करार. शुक्रवारी सकाळी एजंटकडे सही करायची. मला ते नको होतं. पण नको हे म्हणायचं कुठे आणि कधी? मामंजींनी सारा जन्म मुंबईच्या मार्केटात पोती वाहिली आणि तुम्ही गावाकडे राहिलात. जत्रेला आणि दिवाळीला काय भेट होईल ती. तुमच्यासमोर मी "दोन वर्षं राहवणार नाही" म्हटलं असतं तर तुम्ही हसला असतात, असं मला वाटायचं.

गुरुवारी तुमचं भजन असायचं, दोन-अडीच तासांची निश्चिंती. तुम्ही जिना उतरलात आणि मी कामाला लागले. एका मासिकात फोटो बघितला होता, टेबलावर पांढरं कापड, दोन ताटं समोरासमोर, मधे मेणबत्त्या. आपल्याकडे टेबल कुठलं? माझ्या शिलाई मशीनचं डोकं आत पाडलं, वरच्या फळीवर धुतलेली चादर घातली. एका बाजूला स्टूल, दुसऱ्या बाजूला पत्र्याची खुर्ची. पुलाव केला, पनीर केलं. मेणबत्त्या काही उभ्या राहीनात, म्हणून दोन वाट्यांत गव्हाचं पीठ दाबून भरलं आणि त्यात रोवल्या. ट्यूब घालवली. किती छान दिसतंय, असं म्हणेपर्यंत कडी वाजली. हेच आले असणार म्हणून मी पदर नीट करून दार उघडते, तर तुम्ही! पेटीवाले आले नाहीत म्हणून भजन मोडलं होतं.

तुम्ही मशीनकडे बघितलंत. मला वाटलं, आता दोन ताटांवरून बोलणार. पण तुमचा चेहरा पार उतरला होता. "अगं ए! जित्या मानसाच्या पानाम्होरं पिठात दिवा लावत्यात व्हय? कुनी शिकिवलं तुला ह्ये?" माणूस गेला की त्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवतात, समोर पान वाढतात. मला ते ऐकून ठाऊक होतं, पण डोक्यात सगळा मासिकातला फोटो. ज्याला जाऊ नको म्हणायचं, त्याच्याच ताटापुढे मी काय मांडून बसले होते! तुम्ही ट्यूब लावलीत, मेणबत्त्या मोरीत नेल्यात, पीठ गॅलरीत कावळ्यांना टाकलंत. मी रडायला लागले तशी माझ्यावरच खेकसलात, "रडाय काय झालं? म्होरं हो, मीठ वाढ. लिंबू कुटं हाय?"

मग हे आले. तुम्ही त्यांना खुर्चीवर बसवलंत आणि माझा दंड धरून मला स्टुलावर. पनीर वाढताना नाक मुरडलंत, "ह्यो खरवस तिखटात कुनी घातला?" मी तुमच्या आधी ताटावर बसले होते, तुम्ही हातात डाव घेऊन उभ्या होतात आणि मी नुसता भात चिवडत होते. तेवढ्यात तुम्ही डाव खाली ठेवलात. "आरं, तुज्या बापाला मी कदी म्हनले न्हाई, जाऊ नगा. दर खेपेला भाकरी बांदून दिली आन् दारात हुबी ऱ्हायले. हिच्या मनात काय हाय त्ये हिला बोलू दे. आयकून घे, मग काय करायचं त्ये कर." इतकं बोलून दार ओढून घेतलंत आणि जिन्यात जाऊन बसलात. पडद्याआडचं सगळं तुम्हाला ऐकू जात होतं तर!

सकाळी तांदूळ पाखडता पाखडता तुम्ही विचारलंत, "बोललीस न्हवं?" मी "हो" म्हटलं. हे सहीला गेले नव्हते. तुम्ही सुपातून मान वर केली नाहीत. "बायकूचं आयकलं त्यानं. आईचं आयकलं नसतं." हसून म्हणालात, पण पुढे बराच वेळ पाखडलेलेच तांदूळ पुन्हा पाखडत होतात. मग सबंध बिल्डिंगला सांगितलंत, आमच्या सुनेनं त्याला धरून ठेवला. वर्षभरात कारखाना बंद पडला, हे दारोदार हिंडले, नातेवाईक मला बोल लावायला लागले, तेव्हाही तुम्हीच त्यांना गप्प केलंत.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहायचं धाडस होतंय. त्या दिवशी दार लागल्यावर मी काहीच बोलले नाही. आठवडाभर घोकलेलं वाक्य तोंडातून फुटेना. ह्यांचा पाय मशीनच्या पायडलवर पडला, खालचं चाक खडखडलं, आणि मी विचारलं काय, तर "मीठ बरोबर आहे ना?" हे जेवत नव्हते. दाराकडे बघत होते. मग म्हणाले, "लहानपणी मी विचारायचो, बाबा सारखे का जातात? आई म्हणायची, त्यांना मुंबई आवडते." नंतर हात धुतला आणि म्हणाले, "मी सही करत नाही." माझ्याकडे बघून नाही, दाराकडे बघूनच. ह्यांना मी थांबवलं नव्हतं, आत्याबाई. तुमच्या मुलानं तुमचंच ऐकलं होतं. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्हाला किती बरं वाटलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.