साठ पावलांची थाळी

सॅमन, आयडाहो
१४ जून १९९४

चि. रोना हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी आलं. नर एल्कचा परवाना सोडतीत लागला हे वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नऊ वर्षं अर्ज भरत होतीस, पोरी! हॅस्केटांच्या घरात माझ्यानंतर रिव्हॉल्व्हरने शिकार करणारं कोणी निघेल, ही आशा मी सोडली होती. तुझा बाप बंदुकीवरच राहिला. तुझा भाऊ वेड तर दुर्बीण लावून या डोंगरावरून त्या डोंगरावर गोळी पाठवतो. त्याला मी शिकार म्हणत नाही, टपाल म्हणतो. हे त्याला वाचून दाखव.

रिव्हॉल्व्हर चव्वेचाळीस मॅग्नमचं घेऊ की त्याहून दणकट चारशेचोपन्नचं, असं विचारलंस. यात विचारायचं काय? माझं चोपन्न आता तुझं. पाच गोळ्यांचं, साडेसात इंची नळीचं. डेल्माआत्या पुढच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे पोकाटेलोला येणार आहे, तिच्या गाडीतून पाठवतो. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, आठशे पौंडांचं धूड. त्याच्यापुढे चव्वेचाळीस घेऊन जाणं म्हणजे लाकडं फोडायला भाजीची सुरी घेणं.

आपला नियम विसरली नसशीलच. नऊ इंची कागदी थाळी, जमिनीवर बसून, आधी हात गरम न करता पाच गोळ्या. पाचही थाळीत बसल्या की ते तुझं अंतर. त्याच्या पुढे कोणी एल्क झाडाला बांधून ठेवला तरी चाप ओढायचा नाही. थाळीवर नाव, साल आणि पावलं लिहून पाठव, शेडच्या भिंतीवर ठोकतो.

कॅफेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बातमी सांगून झाली. दोघांना तर दोनदा सांगितली. नातजावई कर्टरावांना आशीर्वाद. तब्येत सांभाळ आणि म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा आजोबा,
वर्लिन

पोकाटेलो
९ ऑगस्ट १९९४

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

आत्या आली, दाढ काढून घेतली आणि तोंडात बोळा असतानाही दोन तास बोलली. रिव्हॉल्व्हर नीट पोचलं. ते हातात घेतलं तेव्हा मला भरून आलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. कर्ट म्हणतो हे कमरेला नाही, ट्रेलरवर लादून न्यायला हवं. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

गोळ्या आणायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला की चोपन्नही जुनं झालं, आता चारशेपंच्याहत्तर बनवून घ्या, अस्वलसुद्धा जागच्या जागी बसेल. मी म्हटलं परवाना एल्कचा आहे, अस्वलाने माझं काही बिघडवलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या मनगटाला पट्टा होता, ते मात्र मी विचारलं नाही.

सराव चालू आहे. दिवसभर शाळेची बस चालवून मनगटं तयार आहेत, चिंता नसावी. चोपन्नने तीस पावलांवर पाचातल्या तीन थाळीत बसतात, कधी चार. सहज म्हणून कर्टचं चव्वेचाळीस घेतलं, तर साठ पावलांवर पाचही बसल्या. पण ते तुमचं नव्हे, म्हणून थाळीवर नाव घातलं नाही.

एक विचारायचं होतं. शेडच्या भिंतीवर तुमची शेवटची थाळी ब्याऐंशी सालची, पंचाहत्तर पावलांची, असं आत्या म्हणाली. नंतरच्या कुठे ठेवल्यात? चोपन्नने तुम्ही किती पावलं काढलीत ते कळलं, तर निदान तिथवर पोचायचा प्रयत्न करीन.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो ओरडून तरी दाखवत राहावा.

तुमची,
रोना

सॅमन
२० ऑगस्ट १९९४

चि. रोना हीस,
अ. उ. आ.

थाळ्यांचं विचारलंस. शेडमध्ये उंदीर फार झालेत.

तीन आणि चार हे आकडे मला आवडले नाहीत. माझी नात आहेस तू. चव्वेचाळीस सशांवर चालव. व्हरांड्यावरची सात जोडी शिंगं आजोबाने काय शीळ घालून मिळवली का? हात दणक्याला घाबरत असेल, तर तो आधी पकडायला हवा. कर्टला रिव्हॉल्व्हर भरायला सांग, तू बघायचं नाहीस. पाचांत दोन रिकाम्या पुंगळ्या घालायच्या, कुठे ते त्यालाच माहीत. रिकाम्या पुंगळीवर दणका नसतो, तेव्हा हात खरं बोलतो. नळी जागची हलली नाही तर माणूस निर्भय. खाली गेली तर काय ते तुला कळेलच.

सराव कर, आणि पुढच्या पत्रात पाच आकडा लिही.

आजोबा

पोकाटेलो
६ सप्टेंबर १९९४

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता पाठवतेच.

तुम्ही सांगितलं तसं केलं. चोपन्नमध्ये रिकामी पुंगळी आली की माझी नळी मातीकडे जाते. थोडीथोडकी नाही, कर्ट म्हणाला की समोर एल्क असता तर त्याच्या खुराला लागली असती. शंभर गोळ्या झाल्या, फरक नाही. उलट आता बंद डोळ्यांनीसुद्धा दणक्याची वाट बघते. चव्वेचाळीसमध्ये तोच खेळ वीसदा केला, नळी तसूभर हलली नाही.

आजोबा, मी चव्वेचाळीस नेणार आहे. तुमचं रिव्हॉल्व्हर तुमच्या हातात वावरलेलं आहे, ते माझ्या कमरेला असावं असं लहानपणापासून वाटत होतं. पण एल्कला त्याचं काय? त्याला गोळी कुठे लागली एवढंच कळणार. दोन आठवड्यांनी कर्ट कामासाठी सॅमनला येतोय, त्याच्याबरोबर चोपन्न परत पाठवते. सोबत थाळी आहे. रोना, १९९४, साठ पावलं. ठोकायची की चुलीत घालायची ते तुम्ही ठरवा.

रागवा, पण बोलणं टाकू नका.

तुमची,
रोना

सॅमन
२१ सप्टेंबर १९९४

चि. रोना,
अ. आ.

मी आत्या, बाबांना न सांगता लिहिते आहे. तुझं पत्र वाचून दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. कॅफेतही गेले नाहीत, म्हणून तिथली मंडळी ते गेले की काय हे बघायला घरी आली. आज कर्ट रिव्हॉल्व्हर ठेवून गेला, तसं लगेच मला परसात बोलावून म्हणाले, डेल्मा, हे भर, मी बघणार नाही, दोन रिकाम्या घाल. मी म्हटलं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे काय खूळ. तर माझ्यावरच डाफरले.

पहिलीच रिकामी निघाली. रोना, नळी पार त्यांच्या बुटांपर्यंत खाली गेली. पुन्हा भर म्हणाले. चार वेळा भरलं. मग ओंडक्यावर बसले आणि कागद मागितला. ते पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही, पण लिहिताना त्यांनी दोनदा नाक शिंकरलं.

दाढेची जागा भरली. सगळ्यांना सांग.

तुझी आत्या,
डेल्मा

सॅमन
त्याच दिवशी

चि. रोना हीस,
अ. उ. आ.

उंदीर खोटे. ब्याऐंशीनंतर माझी थाळीच नाही.

त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात माझ्याकडे चव्वेचाळीसच होतं. व्हरांड्यावरच्या शिंगांच्या सातही जोड्या त्याच्याच. त्या साली एक मोठा नर एकशेदहा पावलांवर उभा राहिला. माझी थाळी पंचाहत्तरची. नियम मीच केलेला आणि मोडलाही मीच. गोळी लागली, पण मागे लागली. दोन दिवस बर्फात रक्तामागे चाललो. तो सापडला नाही. अजूनही कधी कधी मी त्याच्या मागे चालत असतो.

कॅफेत सांगितलं की रिव्हॉल्व्हर कमी पडलं. सगळ्यांनी माना हलवल्या, कारण त्या टेबलावर दोष नेहमी हत्याराचाच असतो. मग मी ते विकलं आणि चोपन्न आणलं. चुकलं होतं अंतर आणि मी बदललं रिव्हॉल्व्हर, असा शहाणा तुझा आजोबा. त्या दणक्याने हात असा बिघडला की वीस पावलांवरही थाळी जमेना. त्यानंतर दर साली डोंगरावर गेलो आणि एकही दिसला नाही असं घरी सांगितलं. दिसत होते, पोरी. चाप ओढायची हिंमत नव्हती. आणि हेच भूत मी तुझ्या गळ्यात बांधायला निघालो होतो.

चव्वेचाळीस ने. तीनशे ग्रेन वजनाची कडक शिशाची गोळी घाल, ती आरपार जाते. तुझी थाळी माझ्या थाळीशेजारी ठोकली आहे.

लिहीत जा. माझ्यावर लोभ उरला असेल तर.

आजोबा

पोकाटेलो
२७ ऑक्टोबर १९९४

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

मोसम रविवारी संपला. माझा परवाना कोराच आहे.

पाचव्या दिवशी पहाटे ओढ्याच्या वरच्या अंगाला नर आला. एवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. मी मादीसारखा आवाज दिला, तो चार पावलं आला आणि आडवा उभा राहिला. मी बसलेली, कोपर गुडघ्यावर, रिव्हॉल्व्हरचा घोडा चढवलेला. नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याच्या खांद्यामागे अशी बसली होती की हलतच नव्हती. पण तो साठाच्या आत नव्हता. आणखी थोडा ये, आणखी थोडा ये, असं मनात म्हणत राहिले. चांगली दोन मिनिटं तो उभा होता. मग वारा फिरला, त्याने मान वळवली आणि घाई न करता निघून गेला. मी घोडा उतरवला. नंतर पावलं मोजली, ब्याऐंशी भरली.

गाडीत बसून खूप रडले. पुन्हा परवाना लागायला आणखी नऊ वर्षं लागतील, कदाचित लागणारही नाही. वेडने फोन करून विचारलं की ब्याऐंशी पावलं म्हणजे काय अंतर आहे, तेवढ्यावरून दगड मारला तरी लागतो. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतंत, आता तुम्हाला कॅफेत खाली बघावं लागेल, याचंच जास्त वाईट वाटतं. जमलं तर माफ करा.

तुमची,
रोना

सॅमन
३ नोव्हेंबर १९९४

रोना,

तुझं पत्र खिशात घालून तडक कॅफेत गेलो. टेबल भरलेलं होतं. कोणी किती लांबून काय पाडलं ते चाललं होतं. मी काठी आपटली, उभा राहिलो आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग त्र्याऐंशी सालचं माझं सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सांगून झाल्यावर म्हणालो की एकशेदहा पावलांवर जो मोडला तो मी, आणि ब्याऐंशीवर जी मोडली नाही ती माझी नात. शेवटी टेबलावरचा सगळ्यात बढाईखोर माणूस उठला आणि त्याने माझ्या कॉफीचे पैसे दिले.

वेडला सांग, आजोबांनी सात एल्क मारले, पण सांगण्यासारखी गोष्ट घरात एकच आहे, आणि ती न मारलेल्या एल्कची आहे. माझी मान खाली? पोरी, मानेचा डॉक्टर बघावा लागेल इतकी ती वर आहे.

वयाने मोठा म्हणून मी आजवर तुला आशीर्वाद लिहीत आलो. या खेपेला वर तो लिहायला हात धजला नाही. म्हणून इथे, खाली, माझा तुला नमस्कार.

वर्लिन हॅस्केट